हरवलेली पोत, काळी माती आणि कॉइलचा आकार

प्रश्न : दिवाळीनंतरच्या वेचणीत आमच्या घरातली सोन्याची पोत कापसाच्या रानात पडली. दोन वाट्या, चार सोन्याचे मणी, बाकी काळे मणी. रान सव्वा एकर, माती भारी काळी, पऱ्हाटी अजून उभी आहे. मेटल डिटेक्टर आणून शोधायचं ठरवलं आहे. एक विक्रेता म्हणतो पंधरा इंची कॉइल घ्या, खोलवर जाते. दुसरा म्हणतो कॉइल सोडा, किलोहर्ट्झ बघा. नेमकं काय बघून यंत्र घ्यावं?
— एक वाचक, गेवराई तालुका

उत्तर : यंत्राचं नंतर बोलू. आधी एवढं करा : पोत सापडेपर्यंत त्या रानात नांगर, रोटाव्हेटर, श्रेडर काहीही घालू नका. पोत आज असेल तर पाल्याखाली, मातीच्या वरच किंवा फार तर चार बोटं खाली असेल. रोटाव्हेटर एकदा फिरला की दोरा तुटेल, वाट्या चेपतील आणि मणी वीतभर खाली जाऊन रानभर विखुरतील. तेवढा लहान मणी तेवढ्या खोलीवरून चांगल्या यंत्रालाही लागत नाही. पऱ्हाटी चिमट्याने हातानेच उपटा आणि मुळाची माती जागच्या जागी झटका. कोयत्याने कापून खुंट ठेवू नका. खुंट राहिले की कॉइल, म्हणजे यंत्राची खालची चकती, जमिनीला टेकत नाही, आणि ती जेवढी वर राहील तेवढी खोली तुमची गेली.

उशीरही करू नका. ओल उडाली की भारी काळी जमीन भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगा हात जाईल एवढ्या रुंद होतात, आणि वरची वस्तू भेगेत घरंगळली की पुढच्या पावसात माती फुगून भेग तिच्यावर मिटते. वखराच्या पाळीने जे पुरलं जाणार नाही ते ही माती स्वतःच गिळते.

आणि रानात उतरण्याआधी घरातला कापूस तपासा. वेचणीत ओटी गळ्याला किंवा कमरेला बांधलेली असते. ती भरली की उपसायची, गाठोडं डोक्यावर घ्यायचं, सुडीवर टाकायचं. दोरा तुटतो तो बहुधा या ओढाताणीत. त्यामुळे पोत मातीत पडण्याइतकीच ती कापसाबरोबर घरी आली असण्याचीही शक्यता आहे. कापूस जिनिंगला गेला की आशा संपली. डिटेक्टरच्या दृष्टीने कापूस म्हणजे नुसती हवा, त्याचा यंत्राला काही अडथळा नाही. वीतभर जाडीचा थर ताडपत्रीवर पसरा आणि वरून कॉइल फिरवा. तासाभरात निकाल लागेल. फक्त थर पत्र्याच्या शेडपासून लांब घाला, आणि लोखंडी पलंगावर तर अजिबात नको. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्या यंत्राचा घोटाळा केला आणि गोळी काही सापडली नाही.

आता कॉइल. पंधरा इंची कॉइल जास्त खोल जाते हे खरं आहे, पण ते मोठ्या वस्तूसाठी. कॉइल जेवढी मोठी तेवढं तिचं क्षेत्र जास्त मातीवर पसरतं, आणि वाटीएवढ्या दागिन्याचा क्षीण आवाज त्या सगळ्या मातीच्या गोंगाटात बुडतो. ही माती गप्प बसणारी नाही. आपला बालाघाट आणि त्याच्या पायथ्याची काळी जमीन ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची, बेसॉल्टची आहे. त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं भरपूर. शेतातल्या मातीत दोरीला बांधलेलं लोहचुंबक ओढून पाहा, काळी बारीक रेती दाढीसारखी चिकटून येईल. ती रेती डिटेक्टरला सतत खोटा निरोप देत असते. समुद्राच्या पांढऱ्या वाळूत किंवा दुकानाच्या काउंटरवर एक फुटावरून अंगठी दाखवणारं यंत्र गेवराईच्या रानात निम्म्यावर येऊ शकतं, ते यामुळेच. म्हणून यंत्र हवेत दाखवून विकणाऱ्याचं प्रात्यक्षिक पाहून पैसे मोजू नका.

कॉइलच्या आत तार कशी गुंडाळली आहे याला आकाराइतकंच महत्त्व आहे. एक प्रकार वर्तुळात वर्तुळ, म्हणजे कॉन्सेन्ट्रिक. तिचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. वस्तूची जागा ती नेमकी दाखवते, पण खनिजाच्या मातीत लवकर गडबडते. दुसरा प्रकार डबल डी. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात आणि वस्तू पकडणारा पट्टा मधोमध, पुढून मागे, अरुंद असतो. एका वेळी तो कमी माती वाचतो, म्हणून आपल्याकडे तोच चालतो. तुमच्यासाठी नऊ ते अकरा इंची डबल डी, जमल्यास लंबगोल. बांधाजवळ, खळ्याच्या जागी किंवा गोठ्यापाशी, जिथे बैलांच्या पत्र्या, खिळे, वायरचे तुकडे, ठिबकच्या तारा पडलेल्या असतात, तिथे पाच-सहा इंची लहान कॉइल लावा. दोन खिळ्यांच्या मधली वाटी ती वेगळी ओळखू शकते. मोठ्या कॉइलखाली तिघांचा मिळून एकच आवाज येतो आणि यंत्र त्याला लोखंड म्हणून सोडून देतं.

किलोहर्ट्झवाल्या विक्रेत्याचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. डिटेक्टर कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं. सहा किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला सहा हजार वेळा. या बदलत्या क्षेत्रामुळे धातूत विजेचे छोटे भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइल ऐकते. जाडजूड चांदीच्या रुपयात हे भोवरे रेंगाळतात, त्याला सावकाश बदलणारं क्षेत्रही पुरतं. पातळ, लहान वस्तूत ते उठता उठता विझतात, म्हणून तिथे क्षेत्र भराभर बदलावं लागतं. गॅरेटचं एस २५० हे गाजलेलं यंत्र साडेसहा किलोहर्ट्झवर चालतं, नाणी शोधण्याला ते चांगलं. फिशरचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर, कारण ते कणाएवढं नैसर्गिक सोनं शोधण्यासाठीच बनवलेलं आहे.

तुमच्या पोतीकडे या नजरेने बघा. वाटी ही भरीव नसते. पातळ पत्र्याची, आतून लाख भरलेली असते. बावीस कॅरेट सोन्यात तांबं-चांदी मिसळलेली असल्याने त्याची वीज वाहून नेण्याची ताकद शुद्ध सोन्याहून बरीच कमी. शिवाय पोत दोऱ्यात ओवलेली, म्हणजे एका मण्यातून दुसऱ्यात वीज जात नाही. यंत्राला तिथे पूर्ण दागिना दिसतच नाही. दिसतात त्या सुट्या दोन वाट्या आणि चार मणी. काळे मणी काचेचे, त्यांचा आवाज शून्य. साखळीचंही तसंच : कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे पाच तोळ्यांची साखळी पाच तोळ्यांसारखी बोलत नाही, एका कडीएवढीच बोलते. याउलट अखंड पाटली किंवा अंगठी हे पूर्ण वेटोळं, त्यात विजेला फिरायला रस्ता मिळतो आणि ती ठणकावून वाजते. घरात कोणी म्हणेल की शेजाऱ्यांची अंगठी तर लगेच सापडली होती. अंगठीची तुलना पोतीशी करू नका.

म्हणून सहा-सात किलोहर्ट्झचं यंत्र तुमच्या कामाचं नाही. मग सरळ ७१ का नको? इतक्या वरच्या वारंवारितेला लोहखनिजाची माती फार त्रास देते, आणि पूर्ण रान फिरायचं तर दर पावलाला थांबावं लागेल. चौदा ते वीस किलोहर्ट्झ ही तुमच्यासाठी योग्य जागा. एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारं यंत्र मिळालं तर आणखी चांगलं. कमी आणि जास्त वारंवारितेचे निरोप ताडून पाहत असल्याने मातीचा आवाज कोणता आणि धातूचा कोणता हे त्याला बरंच उमगतं. पल्स इंडक्शन नावाची महागडी यंत्रंही दाखवली जातील. खनिजाच्या मातीत ती खोल जातात, पण लोखंड आणि सोनं वेगळं सांगण्यात ती कच्ची असतात. तुमच्या रानातला प्रत्येक खिळा उकरत बसाल.

यंत्र हातात आल्यावर पहिलं काम शोधणं हे नाही. घरातली किंवा जावेची तशीच एक वाटी मागून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला लांब लाल सुतळी बांधा म्हणजे ही दुसरी हरवणार नाही. ती रानात नुसती मातीवर ठेवून कॉइल फिरवा आणि आवाज कानात बसवा. मग दोन बोटं खाली पुरा, मग चार बोटं. जिथे आवाज यायचा थांबेल ती तुमच्या यंत्राची, तुमच्या मातीतली, तुमच्या दागिन्यासाठीची खरी खोली. खोक्यावर छापलेला आकडा विसरा. विकत घेण्याआधी ही चाचणी करायला जो विक्रेता तयार होईल त्याच्याकडूनच घ्या. चार-आठ दिवसांसाठी भाड्याने मिळालं तर विकत घेऊच नका.

मग ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीपासून वीतभर वर आणि पुन्हा जमिनीलगत अशी हलवत राहायची आणि मातीचा आवाज एकसारखा होईपर्यंत सेटिंग जुळवायचं. बऱ्याच यंत्रांत बटण दाबून हे होतं. काळ्या जमिनीतून बांधाकडच्या मुरमाड भागात गेलात की पुन्हा करा, कारण माती बदलली. सेन्सिटिव्हिटी शेवटापर्यंत वाढवू नका. यंत्र उगाच टकटक करायला लागलं की दोन पायऱ्या खाली आणा. लोखंड वगळण्याचं सेटिंग थोडं चालेल, पण चॉकलेटचा चमकीचा कागद, गोळ्यांची पाकिटं असलं काही वगळायला जाऊ नका. पातळ सोन्याच्या वाटीचा आकडा नेमका त्याच ॲल्युमिनियमच्या कागदाच्या आसपास येतो. कागद वगळलात की वाटीही वगळलीत. कचरा उकरावा लागेल, इलाज नाही.

विहिरीवरची मोटार, डीपी आणि वरून गेलेल्या तारा यांच्याजवळ यंत्र बडबडतं. त्याहून जास्त त्रास रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा. ते साधारण दर सेकंदाला एक झटका सोडतं आणि डिटेक्टरही तेवढ्याच तालात टिक-टिक करत राहतो. आपली आणि शेजाऱ्याची, दोन्ही झटका मशिनं बंद ठेवायला सांगा. लोडशेडिंगची वेळ असेल तर ती शोधायला उत्तमच.

वेळेचा हिशेब मांडतो, म्हणजे धीर सुटणार नाही. चार फूट रुंद झुलवा, दोन सेकंदांत एक, आणि दर झुलव्याला अर्धा फूट पुढे : म्हणजे सेकंदाला एक चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे अठरा मिनिटं. तुमचे पन्नास गुंठे पंधरा तासांचे. घाई करणाऱ्याच्या हातून वाटी सुटते. म्हणून सुतळीने चार-चार फुटांचे पट्टे पाडा. त्या दिवशी कोणत्या ओळी वेचल्या, भाकरी खायला कुठे बसल्या, गाठोडं कुठे उचललं, हे वेचणीला असलेल्या सगळ्या बायांना एकत्र बसवून विचारा आणि तिथून सुरुवात करा. हे विचारणं यंत्राच्या किमतीपेक्षा मोलाचं आहे. दुसरी वाटी पहिलीच्या हातभर अंतरातच असण्याची शक्यता जास्त, म्हणून एक मिळाली की आनंदात तिथली माती तुडवू नका. माती टोपल्यात घेऊन कॉइलसमोर धरा.

प्रश्न : आमच्या पडक्या वाड्याच्या जागेत गुप्तधन आहे असं एक गृहस्थ सांगतात. त्यांच्या यंत्रावर ‘सोन्याची फ्रीक्वेन्सी’ लावली की दांडी आपोआप त्या दिशेला वळते. तीस फूट खोल आणि शंभर मीटर लांबचं कळतं म्हणे. भाडं मोठं मागतात. खरं असेल का?
— एक वाचक, धारूर तालुका

उत्तर : खरं नाही. त्यांना पैसे देऊ नका.

ज्याच्यावर यंत्र लावावं अशी सोन्याची स्वतःची फ्रीक्वेन्सी नसते. वरच्या उत्तरात पाहिलंत तसं, यंत्राला कळतं ते वस्तूचं आकारमान, जाडी आणि वीज वाहण्याची सोय. त्यामुळे एकाच सोन्याची पातळ वाटी आणि भरीव बिस्किट यांचे आवाज वेगळे, आणि सोन्याची वाटी व चॉकलेटचा कागद यांचे जवळजवळ सारखे.

लांबीचं गणितही ऐका. कॉइलच्या आकाराहून लांब गेल्यावर तिचं क्षेत्र अंतराच्या घनाने विरळ होतं, आणि वस्तूकडून परत येणारा निरोपही तसाच. अंतर दुप्पट केलं की आवाज दोनाच्या सहाव्या घाताने, म्हणजे चौसष्टपट कमी. फूटभरावर वाजणारं नाणं दोन फुटांवर का मुकं होतं, त्याचं उत्तर हे आहे. मोठ्या चौकटीची खास यंत्रं माठाएवढ्या धातूच्या ढिगाला माणसाच्या उंचीच्या आसपासपर्यंत पकडू शकतात, तेही माती साधी असली तर. तीस फुटांवर नाही, आणि शंभर मीटरवर तर कोणतंच नाही.

हातात फिरणाऱ्या दांडीचा हा धंदा जगभर झालेला आहे. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रजाने ‘एडीई ६५१’ हे बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं. मुठीला जोडलेली फिरती अँटेना होती, आत काम करणारं काहीही नव्हतं. बगदादच्या तपासणी नाक्यांवर पोलीस ते हातात धरून गाड्या तपासत आणि स्फोटकं पुढे जात. २०१३ साली लंडनमध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तुमच्याकडे आलेल्या दांडीची परीक्षा घरीच घ्या : पाच सारख्या डब्यांपैकी एकात अंगठी ठेवा, कोणत्या डब्यात ते गृहस्थांना आणि त्यांच्याबरोबर असलेल्या कोणालाही माहीत नको, आणि दहा वेळा डबे बदलून विचारा. बहुतेक जण परीक्षेचं नाव काढताच मुहूर्त नसल्याचं सांगतात.

मुहूर्त, पूजा, कोंबडं, ‘पायाळू माणूस लागेल’ असल्या गोष्टी निघाल्या तर लगेच पोलीस ठाणं गाठा. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांनाही लागू आहे. या लोभापायी माणसांचे, लेकरांचे जीव गेलेले आहेत. इथे गप्प बसणं हा सुद्धा अपराधच समजा.

आणि समजा, पाया खणताना खरंच काही लागलं तर? हात थांबवा, वस्तू आहे तशी राहू द्या, तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेला जुना ठेवा लपवणं गुन्हा आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा परवान्याशिवाय व्यापार करायला १९७२ चा पुरावस्तू कायदा मनाई करतो. धारूरचा किल्ला किंवा अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी अशा ठिकाणी डिटेक्टर घेऊन उकरायला जाण्याचा विचारही नको.

कायद्यापलीकडचं एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याच गोदावरीवर, वर नाशिककडे जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तो अभ्यासकांना एकत्र पाहायला मिळाला म्हणून कळलं, की त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. कोण जिंकलं ते नाण्यांनीच सांगितलं. ती दहा सोनारांकडे दहा दिशांना वितळली असती तर आपल्या सातवाहनांच्या इतिहासातला एक मोठा पुरावा गेला असता. दायमाबादचं उदाहरण उलट आहे. प्रवरेकाठी १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ब्राँझची अप्रतिम शिल्पं मिळाली. त्यांचं वजन साठ किलोहून जास्त. शिल्पं वाचली, पण उत्खननातल्या थरातून नीट नोंद होऊन ती निघाली नसल्याने नेमकी किती जुनी यावर विद्वान अजून वाद घालतात. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे एकदा उकरल्यावर कोणतंही यंत्र परत सांगू शकत नाही. अंबाजोगाईच्या बाराखांबी परिसरात पुरातत्त्व खात्याने २०२४ मध्ये केलेल्या उत्खननात जुन्या देवळांचे पाये उजेडात आले. तिथे एकेक थर कुंच्याने मोकळा करतात, तो याच काळजीपोटी.

प्रश्न : गाय चारा खात नाही, कण्हते. चाऱ्यातून तार गेली असावी असा संशय आहे. हातातल्या डिटेक्टरने पोटातलं लोखंड कळेल का?
— एक वाचक, आष्टी तालुका

उत्तर : लोखंड आहे का एवढं कळू शकेल. ते टोचलं आहे का, हे कळणार नाही. आणि प्रश्न टोचण्याचा आहे.

गायीने गिळलेली तार दुसऱ्या कप्प्यात, जाळीदार पोटात अडकते. हा कप्पा हृदयाला अगदी लागून असतो, मध्ये फक्त पडदा. तपासायचंच असेल तर लहान कॉइल घ्या, लोखंड वगळण्याचं सेटिंग बंद करा आणि डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, खालच्या बाजूने फिरवा. त्याआधी गळ्यातली साखळी, घंटा, शिंगांच्या शेंब्या काढा आणि गाय दावणीच्या लोखंडी गजापासून लांब उभी करा. पण धडधाकट गायींच्या पोटातही खिळा-चूक निघते, म्हणून नुसत्या आवाजावर निदान करू नका. कोपरं बाहेर फेकून उभी राहणं, उतारावरून उतरायला नकार, बसता-उठता कण्हणं ही लक्षणं असतील तर आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डॉक्टर तोंडावाटे गुळगुळीत कांडीसारखं लोहचुंबक देतात. ते त्याच कप्प्यात जाऊन बसतं आणि सुटी तार स्वतःला चिकटवून ठेवतं. गाय बाजारातून आणली असेल तर असं चुंबक आधीच पोटात आहे का, हे पाहायला डिटेक्टरही नको. साधं होकायंत्र त्याच जागेजवळ धरा. काटा गायीकडे वळला तर चुंबक आहे, आणि ते डॉक्टरांना आधी सांगा.